कपाटावर मारलेला हात

सूनबाईने गेल्या आठवड्यात एक यंत्र मागवलं. हातात धरून बटण दाबलं की ते भिंगरीसारखं फिरतं आणि लाकडावरचं जुनं पॉलिश पिठासारखं उडवतं. मोबाइलवर कुणीतरी बाई जुनी कपाटं नवी करताना तिने पाहिली आणि तिची नजर माझ्या सागवानी कपाटावर गेली. आधी माझ्यावर गेली असेल, पण माणसाला लावायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

बाहेरची बाजू बघून झाल्यावर तिने दार उघडलं, आत मोबाइलची बत्ती मारली आणि थबकली.

"आई, हा पंजा कुणाचा?"

डाव्या दाराच्या आतल्या अंगाला, पॉलिशमध्ये रुतलेला उजव्या हाताचा पंजा आहे. पाच बोटं, तळव्याच्या रेघा, सगळं स्पष्ट. करंगळी जरा वाकडी.

"चोराचा," मी म्हटलं. "तिथं यंत्र लावायचं नाही."

"आपल्याकडं चोरी झाल्ती?"

"झाल्ती. चोर घरातलाच होता."

तिला वाटलं, मी तिच्या नवऱ्याबद्दल बोलतेय. तिचा हा गैरसमज मी दोन दिवस तसाच राहू दिला. ह्या वयात तेवढीच करमणूक.

तो पंजा तिथे राहिला तो पॉलिशवाल्या काकांमुळे. फोनला बटणं होती त्या काळातली ही गोष्ट. मी पंचेचाळिशीत होते आणि अंबडच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकी हुशार बाई नाही अशी माझी पक्की समजूत होती. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मी मोजून ठेवत असे. तेलाच्या बरणीवर पेनाने रेघ मारत असे. दूधवाला आमच्या दारात आला की आधी माप उलटं करून दाखवायचा, मी काही न विचारताच. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणायचे, "तू पोलिसात जायची, चुकून माझ्या घरात आलीस." मला ती स्तुती वाटायची. एवढी मी हुशार.

कपाट माझ्या माहेरचं, कुंभार पिंपळगावचं. भावाने स्लॅबचं घर बांधलं, लोखंडी कपाटं आणली आणि हे गोठ्याच्या कडेला टाकलं. मी टेम्पो करून घेऊन आले. भावजय म्हणाली, "न्या की वन्सं, सरपणातच चाललं होतं." इतकं सहज देते म्हणजे ह्यात काहीतरी खोट असणार, असं मला लगेच वाटलं. खोट एवढीच, की घरातल्या प्रत्येक लग्नाला त्याला ऑइलपेंट फासलेला होता. सगळ्यात खाली निळा, तो आत्याच्या लग्नातला. त्यावर गुलाबी, तो माझ्या. वरचा हिरवा भावाच्या. कपाट कसलं, रंगाचं गाठोडंच ते.

आणखी एक सांगून ठेवते, म्हणजे माझं डोकं पुढे कुठे गेलं ते कळेल. माझ्या आजीची सोन्याच्या पुतळ्यांची माळ माझ्या लहानपणी घरातून गायब झाली. आईचा संशय काकूवर, काकूचा आईवर. दोघी सख्ख्या जावा, पण मरेपर्यंत एकमेकींच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. माळ कधी सापडली नाही. माहेरचा वारसा म्हणून मला आधी संशय मिळाला, कपाट मागाहून आलं.

काका उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा पटका आणि उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी. बापजादे मेंढरं राखणारे. ह्यांनी कुठल्याशा सुताराच्या हाताखाली राहून पॉलिश शिकून घेतलं होतं. शहागडच्या अलीकडे त्यांची वस्ती. तिथून काळ्या-पिवळ्या जीपने यायचे. पहिल्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले, चौकटीला हात लावला आणि म्हणाले, "रामराम." मी पदर सावरून उलट रामराम घालणार, तर ते चौकटीकडेच बघत होते. माझी पाळी नंतर आली. पुढे रोज हाच क्रम. आधी दार, मग मी.

कपाटाच्या मागे, जिथे रंग लागलेला नव्हता, तिथे त्यांनी नाक लावलं. बोटाच्या पेराने ठोकलं. कान लावून ऐकलं.

"हाय," म्हणाले.

"काय हाय?"

"जिवंत हाय. रंगाखाली गुदमरून राह्यलंय."

वास घेतल्याशिवाय ते कामाला हो म्हणत नसत. सनमायका लावलेल्या घरात पाऊल टाकत नसत. "मेलेल्याला पावडर लावल्यासारखं," म्हणायचे. त्यांच्याकडे रंधा नव्हता, पटाशी नव्हती. खिडकीच्या काचेचे तुकडे होते. तुकडा दोन्ही हातांच्या बोटांत धरून, जरा वाकवल्यासारखा करून, रेषेरेषेने ओढायचे. रंगाची साल निघायची उकडलेल्या बटाट्यासारखी. धार गेली की तुकडा दगडावर टिचकावायचा, नवी धार तयार. मी म्हटलं, "काका, हात कापंल." तर म्हणाले, "काच इमानदार असती बाई. सांगून कापती."

इमानदार हा शब्द मी मनात टिपून ठेवला. जो माणूस पहिल्याच दिवशी इमानाबद्दल बोलतो त्याच्यावर नजर ठेवलेली बरी.

नजर ठेवायला जागा भरपूर होत्या. एक म्हणजे बाटली. चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, ते स्पिरिटमध्ये भिजत घालायचे. ते त्यांचं पॉलिश. बाटलीवर देशी दारूचं अर्धं फाटलेलं लेबल. घरभर वास. मी दिवसातून तीनदा जाऊन पातळी बघायची. पातळी उतरली की त्यांचे डोळे बघायची. डोळे लालच असायचे. त्या भुशाने माझेही लाल झाले होते, पण आरशात बघायला मला वेळ कुठे होता?

दुसरं म्हणजे गाठोडं. रोज संध्याकाळी खरवडलेला सगळा रंग फडक्यात बांधून ते घेऊन जायचे. कुणी कचरा घरी नेतं का? एके दिवशी ते हातपाय धुवायला गेले तेव्हा मी गाठोडं सोडलं आणि पितळी कड्या, बिजागऱ्या काही लागतंय का म्हणून आत हात घालून चाचपलं. लागल्या त्या हिरव्या-गुलाबी साली. त्या दिवशी समोर हळदीकुंकू होतं आणि मी घामट हाताने, वाकड्या करंगळीसकट पाचही बोटं हिरवी घेऊन वाण घ्यायला गेले. काकांनी दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधताना, माझ्याकडे न बघता सांगितलं, "जुन्या रंगात इख असतंय. कोंबड्या टिपतात, लेकरं तोंडात घालतात. म्हणून खड्डा करून पुरतो. हात साबणानं धुवा बाई, जेवायच्या आदी."

तिसरं म्हणजे लुगडं. कपाटाचा रंग पुरता निघाला की त्याच्यावर ते बायकोचं जुनं इरकली लुगडं पांघरायचे आणि त्याच्या आत शिरून काम करायचे.

"हे कशाला?"

"उघडं हाय. पॉलिश चढंस्तवर कुणी बघू नये."

"लाकडाला कसली लाज?"

"लाकडाला न्हाई. बघणाराला असावी."

मी अर्थात ते जेवायला ओट्यावर गेल्यावर लुगडं उचलून बघितलं. नुसतं पिवळसर, केशरी झाक असलेलं सागवान, पाण्याच्या लाटांसारख्या रेघा. कधी नव्हे ते मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. काका आले, खाली पसरलेल्या भुशाकडे बघितलं. भुशात माझी पावलं. "पाय लक्ष्मीचे हायेत," म्हणाले, "पर लाकूड लाजलंय."

पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. चहा मी आग्रहाने दिला तरी नाही. "काम पुरं झाल्याबिगर घरचं काही न्हाई." मला केवढा राग आला. ह्या माणसाचा माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय?

आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे त्यांचा रोजचा प्रश्न. "बाई, तुमी गावाला कवा जाणार?"

सांगा, कोण विचारतं असं? ते समजावून सांगायचे, की तुम्ही झाडता, गोधड्या झटकता, धूळ ओल्या पॉलिशवर बसते. दोन दिवस घर बंद राहिलं तर कपाट आरशासारखं होईल. मला ते बिलकुल पटायचं नाही. एकदा तोंडावरच म्हणाले मी, "घर परक्याच्या हातात देऊन मी कुठं जाणारी नाही."

काकांनी काच खाली ठेवली. "बाई, माझी हत्यारं तीन. ही काच. हा बोळा." मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यांनी दाखवला, त्यानेच ते पॉलिश चढवायचे. "आन् तिसरं, लोकाची चावी. लोकं चावी देतात म्हणून माझं पॉलिश चमकतंय. एका घरानं हात आखडला की दुसरं देत न्हाई. मंग काच आन् बोळा घेऊन काय करू? पुन्हा मेंढरं हाकू?"

माझ्यानंतर त्यांना स्टँडजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे काम होतं. अकरा दारं. घरची माणसं महिनाभर लेकाकडे जाणार होती आणि चावी काकांकडे राहणार होती. ते ही गोष्ट रोज एकदा तरी सांगायचे. अकरा दारं म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

मी तेव्हा मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघा, तिथंही घर रिकामंच.

त्यांच्या कामाची मोजणी हातांत असे. चपडीचा एक पातळ थर म्हणजे एक हात. "आज दाराला दोन हात मारले बाई. अजून चार मारायचेत." समोरच्या वहिनींना मीच ऐटीत सांगायची, "आमच्या दाराला सहा हात झाले." तेव्हा हाताचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता, अशी सबब सांगायची आज मला सोय नाही.

समोरच्या वहिनी माझ्याच गावच्या, कुंभार पिंपळगावच्या लेक. आमची मैत्री तोंडावर गोड. ह्याला कारण माझी आई. आई गावातल्या भजनी मंडळाची मुख्य, आणि तिचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मिश्री. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दाताला लावणारी बाई तिच्या मंडळात टाळ धरू शकत नव्हती. वहिनींच्या आईला तिने भर देवळात, चारचौघींत, तोंड हुंगून बाहेर काढलं होतं. मी बारा वर्षांची असताना कुणाच्या डबीला नुसतं बोट लावलं, तर आईने राखेने माझे दात असे घासले की दोन दिवस भात गिळत होते.

तर बहिणीने बोलावलं म्हणून मी उद्या शहागडला जाणार, असं नाइलाजाने काकांना सांगितलं होतं, त्याच दुपारी काका अंगणात लिंबाखाली फोनवर बोलत होते. त्यांच्या घरचं माणूस, म्हणजे बायको, कानाने कमी, म्हणून फोन असला तरी काका ओरडूनच बोलायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. ऐकायला म्हणून नव्हते उभी. बरं, ऐकायलाच होते.

"हां... आगं चोरकप्पा! चोर-कप्पा! कपाटात घावला. रंगानं बुजल्ता... न्हाई, बाईला बिलकुल ठाऊक न्हाई... न्हाई सांगितलं. सांगू नको म्हन्तीस ना?... बराबर हाय तुझं. उद्या बाई शहागडला भैनीकडं जाऊन राह्यली. घर मोकळं हाय. उद्या चोरकप्प्यावर हात मारतो आन् बंद करून टाकतो."

चोरकप्पा! रंगाच्या थरांखाली. आजीची माळ कुठे गेली, ह्यावर दोन पिढ्या झुरल्या आणि ती इथे, माझ्या मधल्या खोलीत, माझ्या कपाटात! आणि हा बाबा उद्या तिच्यावर हात मारणार. पंधरा दिवस हात म्हणजे पॉलिशचा थर, हे मी उठता-बसता ऐकत होते. पण त्या घडीला मराठी भाषेत हात मारण्याचा एकच अर्थ शिल्लक राहिला होता.

मी हुशार बाई. मी काही बोलले नाही. फक्त समोरच्या वहिनींना सांगितलं. साक्षीला कुणीतरी हवं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन, काकांना "येते हं" म्हणून मी निघाले. स्टँडवर गेले, रसवंतीत बसून तासभर उसाचा रस पीत राहिले, तीन पेले, आणि मागच्या बोळातून परत आले. चपला हातात. समोर वहिनींच्या ओट्यावर वहिनी आणि आणखी तिघी जणी. एका साक्षीदाराच्या चार झाल्या होत्या. मी मागच्या दाराने आत शिरले.

मधल्या खोलीत कपाटावर लुगडं. लुगड्याखालून काकांचे पाय दिसत होते. मी एका झटक्यात लुगडं ओढलं. काका गुडघ्यांवर बसलेले, उजवा हात कोपरापर्यंत कपाटाच्या तळात आणि डाव्या हाताची मूठ बंद.

"सापडला!" मी ओरडले आणि त्यांनी पळू नये म्हणून कपाटाच्या उघड्या दारावर धाडकन हात मारला.

दार माझ्या हाताला चिकटलं.

"बाई," काका शांतपणे म्हणाले, "त्या दाराला आतून आत्ताच हात मारल्ता."

"हात मारताय ते मला ठाऊक हाय!"

"तिसरा हाय."

"म्हणजे आधी दोनदा मारला?"

"हां, परवा दोन झाले."

आता सांगताना मला हसू येतं. तेव्हा नाही आलं. चर्र करून हात सोडवला. "मूठ उघडा."

"हे तुमचं न्हाई बाई."

"मग काय तुमचं हाय?"

"माझं बी न्हाई. ज्या माणसाचं हाय ते माणूस आता न्हाई. झाकल्यालं ऱ्हाऊ द्या."

मी त्यांची बोटं एकेक करून उघडली. त्यांनी जोर लावला नाही. मुठीत पितळेची सुपारीएवढी डबी होती. मी झाकण काढलं आणि वास आला. डबी अर्धी भरलेली मिश्रीने. वाळून घट्ट झालेली, मध्ये बोटाने पाडलेला खळगा. बोट कुणाचं ते सांगायला नको. ते कपाट आईच्या खोलीत होतं आणि त्याची किल्ली आईच्या कमरेला, हे मीच काकांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

पुतळ्यांची माळ वगैरे काही नव्हतं. भर देवळात दुसरीचं तोंड हुंगणारी माझी आई कपाटात डोकं घालून मिश्री लावत होती, एवढाच ऐवज.

"म्या घरच्या माणसाला इचारलं," काका म्हणाले. "ती म्हन्ली, लेकीला आईचं असलं सांगू नये. आत तसंच ठेव, वरून हात मार आन् बंद कर. म्हणून तुमी घरी नसताना करून राह्यलो."

तेवढ्यात दारातून वहिनींचा आवाज. "सापडलं का वो काही?"

माझी मूठ आपोआप मिटली. डबी माझ्या मुठीत. बाहेर वहिनी, ज्यांच्या आईला माझ्या आईने देवळाबाहेर काढलं होतं. आणि मी म्हणाले, "हां... म्हणजे न्हाई... काय न्हाई, जाऊ द्या."

गल्लीने त्यातला फक्त "हां" उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले ते काम करायला नाही. काचेचे तुकडे फडक्यात बांधायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा निरोप आल्ता. दारं नंतर बघू म्हन्ल्या."

"मग नंतर करा."

"नंतर म्हंजी न्हाई, बाई." त्यांनी बोळा झटकला, वास घेतला, पिशवीत टाकला. "आणखी एक घर होतं, शाळेमागचं. तिथून बी आला निरोप."

"मी सांगते त्यांना. तुम्ही चोरी नव्हते करत, मी सांगते."

"मंग त्या इचारतील, मुठीत काय होतं? काय सांगताल?"

मी दारातून समोर वहिनींच्या ओट्याकडे बघितलं.

"बिलकुल सांगू नका," काका म्हणाले. "म्या जिता हाय. मेंढरं बी हाकीन. मेलेल्या माणसाला आपला पदर सावरता येत न्हाई." आणि दाराच्या चौकटीला हात लावून त्यांनी रामराम घातला. मला घातला नाही. ओट्यावर जाऊन बसले, चारच्या जीपची वाट बघत.

आता माझं कौतुक करू नका. मी ताबडतोब बाहेर धावले नाही. तासभर आत बसून होते. आईच्या अब्रूचा विचार करत होते असं सांगितलं तर छान दिसेल. खरं म्हणजे वहिनी किती दिवस हसतील ह्याचा विचार करत होते. वर्षभर? दोन वर्षं? खिडकीतून काकांची पाठ दिसत होती. पिशवी मांडीवर घेऊन, सरळ बसलेली. समोरून जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघून पदराखाली काहीतरी बोलायच्या आणि ते लिंबाच्या खोडाकडे बघत राहायचे, जणू त्याला किती हात लागतील ते मोजत होते.

मग नळाला पाणी आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ दिवसांनी यायचं, तेव्हा अख्खी गल्ली हंडे-कळश्या घेऊन तोटीवर. असली सभा पुन्हा आठ दिवस मिळणार नव्हती. मी उठले, डबी घेतली, घराच्या चाव्यांचा जुडगा घेतला आणि बाहेर पडले.

"वहिनी," मी तोटीवर उभी राहून म्हणाले, "काल काय सापडलं विचारत होतात ना? हे बघा."

डबी वहिनींच्या हातात दिली. त्यांनी झाकण काढलं. पाणी हंड्यातून वाहून जायला लागलं तरी कुणी हंडा सरकवला नाही.

"ही तर मिश्री."

"माझ्या आईची. कपाटात लपवलेली. काकांना सापडली आणि मला कळू नये म्हणून ते झाकत होते. चोर म्हणून मी धरलं. चूक माझी. तुमच्या आईला बाहेर काढलं ती चूक माझ्या आईची. दोन्ही आजच उरकून टाका, काय बोलायचं ते."

वहिनींनी डबी नाकाशी नेली. मला वाटलं, आता ही हसणार. त्या बराच वेळ हुंगत राहिल्या. "चांगली भाजल्याली हाय," म्हणाल्या. "आमच्या आईची जळायची."

मग मी ओट्याकडे वळले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "काका, मी आता खरंच शहागडला चालले. तीन दिवस. आमचे हेसुद्धा दौऱ्यावर आहेत. ही घराची चावी, ही तिजोरीची. शेवटचा हात राहिलाय ना कपाटाचा? मारा सावकाश."

काका उठेनात. "बाई, मोजून ठेवलंय का समदं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"खरं?"

"चमचे मोजलेत," मी म्हणाले. सवयच ती.

काका पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते त्यांना. पंधरा दिवसांत मला ते कळलं नव्हतं. त्यांनी जुडगा कपाळाला लावला आणि कमरेच्या चंचीत घातला.

आणि मी? चारच्या जीपमध्ये बसले. अंबड मागे पडलं नाही तोच मी मनात चाव्या मोजायला लागले. तिजोरीची कशाला दिली? नुसती घराची दिली असती तरी चाललं असतं की! शहागडला बहिणीने पुरणपोळी केली, मी ताटावरून उठून फोन लावला. तीन दिवसांत वहिनींना अकरा फोन केले. "घराला कुलूप हाय का वो?" "हाय." "काका दिसले?" "आत हायेत, दार लावून." "दार लावून?" शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आता फोन केलात तर मीच चोरी करते बघा."

परत आले तर घर चकचकीत. म्हणजे घर नाही, घरावर धूळ होती तशीच; त्यांनी केरसुणीला हात लावू दिला नव्हता कुणाला. पण कपाट! त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि पहिल्यांदा ते तोंड मला जरा संशयास्पद वाटलं. चमचे बराबर होते. हो, मोजले मी. तळाचा चोरकप्पा आतूनसुद्धा पॉलिश केलेला, वहिनींनी परत दिलेली डबी ठेवायला जागा तेवढी मोकळी.

डाव्या दाराच्या आत पंजा मात्र तसाच. वरून शेवटचा हात मारून पक्का केलेला.

"काका, हा डाग राहिला की."

"डाग न्हाई, पंजा हाय. चोरी झाली की पोलीस बी पंजा पुसू देत न्हाईत."

"मी काय चोरलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला समजलं. मी चहा टाकला. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. काम पुरं झालं होतं.

"तिसरं हत्यार परत दिलं तुमी," बशी ठेवत ते म्हणाले. "चारचौघांत दिलं. डॉक्टरीणबाईंची चावी काल आली. पर पंजा ऱ्हाऊ द्या. पुढं कुणाचा संशय आला, की आदी हे कपाट उघडत जा."

डॉक्टरीणबाईंची अकरा दारं त्यांनी केली. नंतर आमच्या गल्लीतलीच सात घरं झाली. वहिनींकडे मात्र सनमायका. तिथे ते शेवटपर्यंत गेले नाहीत. आता काका नाहीत. त्यांच्या हाताखाली कुणी शिकलं नाही. आता लोक यंत्रं मागवतात.

सूनबाईला मी हे सगळं परवा सांगितलं. तिने यंत्र खोक्यात घातलं आणि कोपऱ्यात फुटलेल्या खिडकीची काच पडली होती ती उचलून बघायला लागली. मी म्हटलं, सांभाळ, ती सांगून कापते, पण कापते.

एवढं एकच सांगायचं राहिलं. चोरकप्प्यातली डबी रिकामी नसते. कशी काय, हे ह्या वयात मला कुणी विचारू नये. तर काल सकाळी उघडली आणि मिश्री बोटभर कमी. घरात मी आणि सूनबाई दोघीच. मी वळून बघितलं. ती मोरीशी उभी राहून दात घासत होती, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत होती.

मी डबी ठेवली. कपाटाचं दार पुरतं उघडलं आणि पंजावर पंजा ठेवला. करंगळी अजून बराबर बसते.